लायसन नसताना नवी गाडी शोरूममधून गावाकडं कशी आणायची

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय १९, लातूरच्या शोरूमला मोटरसायकल बुक केलीय, दसऱ्याला डिलिव्हरी घ्यायची, गाव मुरूडच्या पुढं म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, लायसन नाही, लर्निंगपण नाही. मामा म्हणायलेत की संध्याकाळच्याला आतल्या रस्त्यानं आण, कोण बगतंय. वडलांकडं ट्रॅक्टरचं लायसन आहे तर ते आणू शकतील का, आणि गाडी वडलांच्या नावावर घ्यावी का स्वतःच्या.

भाऊ, मी शोरूमला डिलिव्हरी आणि आरटीओची कागदं हेच काम करत आलोय, दसरा-पाडवा-धनतेरस म्हणलं की आमच्याकडं जत्रा असते आणि तुझ्यासारखी पोरं दर मुहूर्ताला येतात. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, गाडी घरी येणं आणि तू ती चालवत आणणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी घ्यायला, स्वतःच्या नावावर करायला लायसन लागतच नाही. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, कर्ज असेल तर फायनान्सची कागदं, बास. लायसन लागतं ते चालवायला. त्यामुळं मुहूर्त साधायचा तर साध, पूजा कर, चावी हातात घे, पण हँडल त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात दे.

आता मामांचं बोलणं. मोटार वाहन कायद्यात लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी लायसनशिवाय गाडी चालवायची नाही, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे नुसता हायवे नाही, जिथं लोकांना जायचा-यायचा हक्क आहे ते सगळं त्यात येतं. आतला रस्ता आला, शिवरस्ता आला, दोन गावांमधली पाणंदसुद्धा आली. पोलीस तिथं उभा नसेल हे खरं, पण पोलीस नसला म्हणून रस्ता तुझ्या मालकीचा होत नाही. आणि संध्याकाळच्याला तर अजिबात नको, ते का ते खाली सांगतो.

दंडाचं आधी उरकतो कारण सगळे तेवढंच विचारतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन चालवणाऱ्याला कलम १८१ खाली पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि ज्यानं चालवायला दिली त्या मालकाला कलम १८० खाली तेवढंच वेगळं. म्हणजे गाडी वडलांच्या नावावर आणि चालवतोयस तू, तर घरात दोन पावत्या. वरून कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते, हार घातलेली नवी गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात उभी राहती आणि मग ती सोडवायला चकरा.

पण खरं सांगू का, दंडाला मी भीत नाही, दंड भरून माणूस मोकळा होतोय. मला भीती इन्शुरन्सची वाटते आणि ती कुणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या टू-व्हीलरला २०१८ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, सोबतच घ्यावा लागतोय, त्यामुळं लोकांना वाटतंय की पाच वर्षं टेन्शन नाही. पॉलिसीच्या कागदावर ड्रायव्हर क्लॉज म्हणून एक भाग असतो, लै बारीक अक्षरात, तो वाच. त्यात लिहिलेलं असतंय की चालवणाऱ्याकडं चालू लायसन पाहिजे, लर्निंगवाला असेल तर त्यानं लर्निंगचे नियम पाळलेले पाहिजेत. लायसन नसताना तू कुठं धडकलास आणि गाडी मोडली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथंच गेला. ते ठीक, गाडीच आहे. पण समोरचा म्हातारा माणूस, शाळेतनं येणारं पोरगं, कुणी जखमी झालं किंवा जीव गेला तर? मोटार अपघात दाव्यात भरपाईची रक्कम माणसाचं वय आणि कमाई बघून ठरते, लाखात जाते. अशा केसमध्ये कोर्ट बहुतेक वेळा काय करतंय तर आधी कंपनीला सांगतंय की तुम्ही पैसे भरा, पीडिताला थांबवू नका, आणि मग ते पैसे मालकाकडनं वसूल करा. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये स्वर्णसिंगच्या केसमध्ये लायसनच्या अशा भानगडींचा सविस्तर निकाल दिलाय, तेव्हापासून ‘भरा आणि वसूल करा’ हे नेहमीचं झालंय. वसूल कुणाकडनं? ज्याच्या नावावर आरसी त्याच्याकडनं. म्हणजे तुझ्या वडलांच्या नावावर गाडी असेल तर ती वसुली सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. चाळीस किलोमीटरच्या हौशीसाठी वावर पणाला लावायचं का, हे मामांना विचार. वरनं निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ते वेगळंच.

नावाचा प्रश्न विचारलायस तर माझं मत असं की गाडी जो रोज वापरणार त्याच्याच नावावर घे. तू १९ चा आहेस, तुझ्या नावावर घे. फक्त एक कर, शोरूममध्ये इन्शुरन्सचा फॉर्म भरताना मालकाच्या अपघात विम्याचं विचारतील, पंधरा लाखाचं कव्हर असतंय ते, ते मालक-चालकाचं आहे आणि त्याला मालकाचं चालू लायसन लागतंय. तिथं सरळ सांग की लायसन नाही. काही काउंटरवर पोरं चुलत्याचा, मित्राचा लायसन नंबर टाकून मोकळी होतात, गर्दीत कुणी बघत नाही, पण क्लेमच्या वेळी तो कागद उघडला जातो आणि पैसे भरूनही हातात काही पडत नाही. लायसन आलं की ते कव्हर वेगळं घेता येतंय, तेव्हा मात्र न विसरता घे.

बरं, वडलांचं ट्रॅक्टरचं लायसन. हे आपल्या भागात लै होतंय. ट्रॅक्टरचं लायसन आहे, जीपचं आहे, वीस वर्षं पिकअप चालवतोय, म्हणून मोटरसायकल चालतीच असं गृहीत धरतात. तसं नाही. लायसनवर कोणत्या प्रकारच्या गाडीचं आहे ते लिहिलेलं असतंय, मोटरसायकलला तिथं एमसीडब्ल्यूजी पाहिजे, म्हणजे गिअरवाली मोटरसायकल. नुसतं एलएमव्ही, म्हणजे कार-जीपसारखी हलकी गाडी, किंवा ट्रॅक्टर असेल तर मोटरसायकलच्या बाबतीत ते लायसन नसल्यासारखंच. एमसीडब्ल्यूओजी लिहिलेलं असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटीचं, तेपण चालणार नाही. वडलांचं कार्ड काढ आणि बघ, बऱ्याच जुन्या लोकांनी एकाच वेळी दोन्ही काढलेलं असतंय, तसं असेल तर प्रश्नच मिटला. मुदत पण बघ, कितीतरी जणांचं संपून वर्ष झालेलं असतंय आणि खिशात मिरवत असतात.

म्हणजे पहिला आणि सगळ्यात सोपा रस्ता हाच, गावातला नाहीतर पावण्यातला एमसीडब्ल्यूजीवाला माणूस सोबत ने. येताना तो चालवेल, तू मागं बस. दोघांना हेल्मेट, मागच्यालापण, त्याचा दंड हजार रुपये आहे आणि चालवणाऱ्याचं लायसन तीन महिन्यांसाठी बाद होऊ शकतंय, जो तुझ्यावर उपकार करायला आला त्याचंच लायसन जायला नको. गाडीसोबत हेल्मेट द्यायचा नियम आहे, मागून घे, आयएसआयचा शिक्का बघून घे, आणि दुसरं घरनं घेऊन जा. माणूस मिळत नसेल तर शोरूमलाच विचार, बरेच जण मेकॅनिक किंवा डिलिव्हरीचा पोरगा पाठवतात, पेट्रोल आणि वापसीचं भाडं तेवढं द्यावं लागतंय. दसऱ्याच्या दिवशी मात्र त्यांच्याकडं माणूस नसतो, आदल्या दिवशी बोलून ठेव.

दुसरा रस्ता गाडीवर गाडी घालून आणायचा. छोटा हत्ती, पिकअप, काहीही. आणि तुला एक सांगतो, दसरा-दिवाळीत लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन घेऊन तुझ्याच भागातली पिकअप रोज येत असते, माल आडतीवर उतरवला की ती रिकामीच वापस जाती. अशा गाडीवाल्याला आधी फोन करून ठेव, स्पेशल भाड्याच्या मानानं कितीतरी कमीत काम होतंय आणि माणूस ओळखीचा असतो. वाटेत आदळून नुकसान झालं तर रस्त्यानं वाहून नेताना झालेलं नुकसान गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत येतंय, नुसत्या थर्ड पार्टीत नाही, पण पॉलिसी त्या वेळी चालू पाहिजे, म्हणून कागद हातात आल्याशिवाय गाडी हलवू नको.

बांधायचं नीट ऐक कारण नवी गाडी इथंच खराब होते. चढवताना इंजिन चालू करून गिअरमध्ये चढवायच्या भानगडीत पडू नको, क्लच सुटला की गाडी केबिनमध्ये घुसती. बंद गाडी, न्यूट्रल, तिघं जण ढकलायला. पिकअप उंच ठिकाणाला उलटी लाव, यार्डातला धक्का असो नाहीतर एखादा बांध, फाळका जमिनीच्या बरोबरीनं आला की अर्धं काम झालं, नाहीतर जाड फळी पाहिजे. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला सरळ टेकव, मधे गोणपाट. स्टँडवर उभी करू नको, ना साईडच्या ना मेनच्या, दोन्ही चाकांवर उभी पाहिजे आणि पहिल्या गिअरमध्ये. आता पट्टे, रॅचेटवाले असतील तर उत्तम, नसतील तर चांगला नायलॉनचा दोर. हँडलच्या खाली पुढचे दोन शॉकअप जिथं धरलेले असतात ती लोखंडी टी असते, पट्टा तिथनं घे आणि हौदाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना दोन्ही बाजूनं सारखा ओढ, शॉकअप साधारण अर्धे दबेपर्यंत. पूर्ण दाबले तर सील फुटतंय, सैल ठेवलं तर पहिल्याच खड्ड्यात पट्टा ढिला होऊन गाडी आडवी. मागं चाक धरणाऱ्या चिमट्याला नाहीतर चेसिसला बांध. आरशाला, इंडिकेटरला, मागच्या धरायच्या दांड्याला, हँडलच्या टोकाला दोर बांधायचाच नाही. जिथं दोर रंगाला लागतोय तिथं चिंधी घाल, टाकीवर तर नक्की, कारण चाळीस किलोमीटर हलत गेलेला दोर रंग पॉलिश पेपरसारखा घासून काढतो. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे हातानं ओढून बघ, तेव्हा हमखास थोडे ढिले झालेले असतात. आणि गाडी धरायला म्हणून मागं हौदात कुणी बसायचं नाही. मालवाहू गाडीच्या मागं बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनी घेत नाही आणि गाडी पडली तर त्याच्याच अंगावर.

अजून दोन आयडिया लोक काढतात. एक, बंद गाडी दुसऱ्या मोटरसायकलनं ओढत न्यायची किंवा मागच्यानं पाय लावून ढकलायची, इंजिन बंद आहे म्हणजे चालवणं नाही म्हणे. कायद्यात चालकाच्या व्याख्येतच लिहिलंय की ओढलेल्या गाडीचं स्टिअरिंग धरणारा पण चालकच. त्यामुळं ते पण लायसनशिवाय नाही, आणि पायानं ढकलत चाळीस किलोमीटर म्हणजे दोन गाड्यांचा अपघात एकदम. दुसरी, लर्निंग काढून स्वतःच आणायची. दसऱ्याला अजून वेळ असेल तर लर्निंग काढच, ते घरबसल्या होतंय, परिवहनच्या सारथी साईटवर आधारनं, मोबाईल नंबर आधारला जोडलेला पाहिजे, व्हिडिओ बघायचा, परीक्षा द्यायची, साठ टक्के मार्क पाहिजेत. सरकारी फी एका प्रकारच्या गाडीला दोनशेच्या आसपास. फॉर्ममध्ये गिअरवाली मोटरसायकलच निवड, बिनगिअरचं निवडून बसलेली पोरं मी लै बघितली. पण लर्निंग म्हणजे एकट्यानं चालवायची परवानगी नाही. मागं पक्क्या लायसनचा माणूस बसलेला पाहिजे, पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल पाहिजे, अठरा सेंटिमीटरचा चौकोन, नुसतं नखाएवढं स्टिकर नाही. हे सगळं करून तू आणलीस तर कायद्यानं बरोबर आहे, तरी माझं ऐकशील तर पहिल्या दिवशी मुरूडकडं येणाऱ्या बार्शी रोडवर आणू नको. ज्यानं आयुष्यात गिअर टाकलेला नाही त्यानं शिकायला सुरुवात एसटी आणि ट्रकच्या मधे करायची नसते.

शिकायचं कुठं? सोयाबीन निघालेलं स्वतःचं रान, नाहीतर घरचा माळ. स्वतःच्या बंदिस्त रानात, जिथं दुसऱ्याची ये-जा नाही, तिथं तो सार्वजनिक रस्ता होत नाही. माळाची कडक जमीन बघ, काळ्या रानात ओल असेल तर गाडी रुतती आणि नवा क्लच जळतो. आणि घरी सोळा-सतरा वर्षांचा धाकटा भाऊ असेल तर चावी कुठं ठेवायची ते आजच ठरव. अल्पवयीन पोरानं चालवली तर कलम १९९ अ, पंचवीस हजार दंड, पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही.

आता शोरूममधल्या गोष्टी. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नको. मुहूर्ताच्या गर्दीत सांगतील की आज घेऊन जा, नंबर दिवाळीपर्यंत येईल, प्लेट नंतर लावून देतो. २०१९ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की नव्या गाडीवर नंबर लागेपर्यंत ती मालकाच्या ताब्यात द्यायची नाही. प्लेट हाय सिक्युरिटीवालीच, ती बसवून द्यायची जबाबदारी डीलरची आहे. म्हणून पैसे आणि कागद दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी पूर्ण कर, म्हणजे एमएच २४ चा नंबर आणि प्लेट दसऱ्याच्या आत हातात. चेसिस नंबर हँडलच्या खाली नळीवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनवर, दोन्ही बिलाशी आणि पॉलिसीशी स्वतः जुळवून बघ, एक आकडा इकडचा तिकडं झाला तरी पुढं विकताना आणि क्लेमला लै त्रास होतो. टायरची हवा चेक करायला लाव, गोडाऊनमधनं आलेल्या गाडीत बऱ्याचदा जास्त भरलेली असते.

पूजा झाली की हँडलवरचा हार काढूनच गाडी हलव. झेंडूचा हार हेडलाईटवर लोंबतो, वाऱ्यानं पुढच्या चाकात जातो, क्लचच्या वायरीत अडकतो. हार काढून डिकीत नाहीतर पिशवीत ठेव, घरी गेल्यावर परत घाल, आईला ओवाळायला गाडी सजलेली पाहिजे ते मला कळतंय. सीटवरचं प्लॅस्टिक फाडून टाक, लोक महिनोन्‌महिने ठेवतात, त्यावर मागचा माणूस ब्रेक मारला की घसरत पुढं येतो. शोरूम टाकीत नावालाच पेट्रोल टाकतंय, बाहेर पडलं की पहिला पंप.

आणि वेळ दिवसाचीच. दसऱ्याच्या आसपास परतीचा पाऊस झालेला असला तर ट्रॅक्टरच्या चाकानं काळ्या रानाची माती डांबरावर येती, नव्या टायरला तसाही वरनं गुळगुळीत थर असतो, त्यात ती माती म्हणजे तेल सांडल्यासारखं. रस्त्याच्या कडंला सोयाबीन वाळत घातलेलं असतंय, अंधारात त्याच्यावर ठेवलेले दगड दिसत नाहीत. दिवाळीनंतर घेणार असशील तर उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर मातीनं झाकलेला, ऊस बाहेर आलेला. माझ्या ओळखीतल्या घरांनी अशा ट्रॉलीखाली पोरं घालवलीत, चांगली चालवणारी पोरं, म्हणून मामा संध्याकाळचं म्हणाले तिथंच मी थांबलो. सकाळचा मुहूर्त घे, दुपारच्या आत घरी. जो चालवेल त्याला सांग की नवीन इंजिन आहे, सावकाश, एकाच स्पीडला धरून न ठेवता, फुल थ्रॉटल नाही, ब्रेक पण आधी हळू-हळू दाबत बसू दे. पहिल्या काही शे किलोमीटरचं स्पीड मॅन्युअलमध्ये दिलेलं असतंय.

लर्निंगनंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट देता येते, लर्निंग सहा महिने चालतंय. लातूरला जायचं नसेल तर आरटीओचे तालुक्याला कॅम्प लागतात, तारीख साईटवर बघून स्लॉट घे. फक्त टेस्टला गाडी तुलाच न्यावी लागते, आणि त्या दिवशी पण तुझ्याकडं लर्निंगच असणार, म्हणजे जाताना एल लावलेला, हेल्मेट डोक्यावर आणि मागं लायसनवाला माणूस. पास झालास म्हणून येताना त्याला तिथंच सोडून एकटा निघू नको, लायसन मंजूर होऊन डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनवर दिसेपर्यंत थांब, ते दिसलं की मोबाईलवर दाखवलेलं चालतंय, कार्ड पोस्टानं यायची वाट बघावी लागत नाही.